तिवाई पॉइंट : कोरड्या हिवाळ्यासाठी करारात लिहून ठेवलेले १८५ मेगावॉट

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, ब्लफ बंदरासमोरच्या तिवाई पॉइंट या जागी १९७१ पासून अ‍ॅल्युमिनियमचा एक कारखाना चालू आहे. रिओ टिंटो या खाणकंपनीच्या नियंत्रणाखालील हा कारखाना पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसरात्र ५७२ मेगावॉट वीज घेतो, म्हणजे साऱ्या देशाच्या वीजवापरापैकी जवळपास १३ टक्के. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस या कारखान्याने मेरिडियन, कॉन्टॅक्ट आणि मर्क्युरी या तीन वीजनिर्मिती कंपन्यांशी २०४४ पर्यंत चालणारे पुरवठा-करार जाहीर केले. त्यांतला मेरिडियनबरोबरचा एक भाग या प्रकरणाचा विषय आहे. पाण्याची टंचाई आली की मेरिडियनने सांगावे आणि कारखान्याने ठरलेल्या मोबदल्यात आपला वापर १८५ मेगावॉटपर्यंत कमी करावा, अशी ती तरतूद आहे. करार जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच ती प्रत्यक्ष वापरावी लागली. मोठ्या ग्राहकाच्या भाराची, म्हणजे वीजवापराची, लवचीकता कागदावर कशी मांडावी आणि प्रत्यक्षात ती कशी वागते, हे इतक्या लवकर आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर तपासले गेल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. म्हणून हे प्रकरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

टंचाई कोणत्या जातीची

न्यूझीलंडची निम्म्याहून अधिक वीज जलविद्युत केंद्रांतून येते, आणि तिचा मोठा वाटा दक्षिण बेटावर तयार होतो. अडचण साठ्याची आहे. सगळे जलाशय काठोकाठ भरले, तरी त्यांतले पाणी देशाची संपूर्ण मागणी सहा आठवड्यांच्या आसपासच भागवू शकेल. त्यात हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, मागणी सर्वाधिक असते आणि नेमके तेव्हाच दक्षिण आल्प्समधले पाणी बर्फाच्या रूपात डोंगरांवर अडकून राहते. शरद ऋतूत, म्हणजे तिकडच्या मार्च ते मेमध्ये, पाऊस कमी झाला, की पुढच्या हिवाळ्याचा हिशोब बिघडतो. २००१, २००३ आणि २००८ या वर्षी जनतेला वीज वाचवण्याचे जाहीर आवाहन करण्याची वेळ याच कारणाने आली होती.

या टंचाईला तासांचे नव्हे, आठवड्यांचे आणि महिन्यांचे माप लागते. देशाने दुसऱ्या जातीची टंचाईही अनुभवलेली आहे. ९ ऑगस्ट २०२१ च्या कडाक्याच्या थंडीच्या संध्याकाळी मागणी विक्रमी पातळीवर गेली, निर्मिती अपुरी पडली आणि पारेषण जाळे सांभाळणाऱ्या ट्रान्सपॉवरच्या आदेशानंतर सुमारे ३४,००० घरांचा पुरवठा खंडित झाला. त्या रात्री जलाशयांत पाणी नव्हते असे नाही, त्या दोन-तीन तासांत हाताशी पुरेशी चालू यंत्रे नव्हती. शिखर मागणीच्या तासांची टंचाई आणि कोरड्या वर्षाची टंचाई यांच्यावरचा उपाय एकच असू शकत नाही. मोठ्या ग्राहकाशी बोलणी सुरू करण्यापूर्वी वीजकंपनीने आपली गरज यांपैकी कोणती आहे हे ठरवायला हवे. मेरिडियनची गरज कोरड्या वर्षाची होती, आणि तिवाईच्या भट्ट्यांचा स्वभाव त्या गरजेशी जुळणारा होता.

भट्टीचा स्वभाव

अ‍ॅल्युमिना या भुकटीपासून धातू वेगळा काढण्यासाठी ती क्रायोलाइट या वितळलेल्या क्षारात विरघळवतात आणि त्यातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडतात. ज्या पोलादी, आतून कार्बनचे अस्तर असलेल्या पेटीत हे घडते तिला कारखान्यात पॉट म्हणतात. असे शेकडो पॉट एकामागोमाग एक जोडून एक पॉटलाइन होते, आणि तिवाईला अशा तीन मुख्य पॉटलाइन आहेत. पॉटमधले तापमान ९६० अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते आणि ती उष्णता बाहेरून दिली जात नाही, तो विद्युतप्रवाहच ती निर्माण करतो. एक टन धातूसाठी १३ ते १५ मेगावॉट-तास वीज लागते. त्यामुळे वीज हाच या उद्योगाचा मुख्य कच्चा माल आहे, असे म्हटले तरी चालेल.

यातून लवचीकतेच्या दोन मर्यादा आपोआप ठरतात. पूर्ण पॉटलाइनची वीज तास-दोन तास बंद केली, तर ती तगते. मात्र खंड चार-पाच तासांपलीकडे गेला, की आतला द्रव गोठू लागतो आणि मग शेकडो पॉट एकदम निकामी होण्याचा धोका असतो. प्रवाह थोडासा कमी करून दीर्घकाळ चालवायचे म्हटले, तर पॉटचा उष्णतेचा तोल ढळतो. ऑकलंड विद्यापीठात विकसित झालेल्या एका तंत्रात पॉटच्या पोलादी कवचाभोवती उष्णता-विनिमयक बसवतात आणि बाहेर जाणारी उष्णता हवी तशी कमीजास्त करतात. जर्मनीतल्या एसेन येथील ट्रिमेट कंपनीने १२० पॉटच्या एका पॉटलाइनवर ही यंत्रणा बसवली आणि वीजवापर दोन्ही दिशांना सुमारे २५ टक्क्यांपर्यंत हलवण्याचे उद्दिष्ट ठेवले.

तिवाईने निवडलेला मार्ग याहून जुना आणि सरळ आहे : काही पॉट पूर्णपणे बंद करायचे आणि उरलेले पूर्ण प्रवाहावर चालू ठेवायचे. बंद करायच्या पॉटमधला धातू व द्रव काढून घेतात, प्रवाहाला त्या पॉटला वळसा घालून पुढे नेतात, आणि पॉट थंड होऊ देतात. उरलेल्या पॉटचा उष्णतेचा तोल जागच्या जागी राहतो, म्हणून अशी कपात महिनोन्महिने टिकते. किंमत मोजावी लागते ती पुढे. थंड झालेल्या पॉटच्या कार्बनी अस्तराला भेगा पडू शकतात, काहींचे अस्तर नव्याने घालावे लागते, आणि प्रत्येक पॉट पुन्हा तापवून, त्यात वितळलेला द्रव भरून, हळूहळू स्थिर करावा लागतो. अनुभवी कामगारांच्या तुकडीला एका दिवसात असे मोजकेच पॉट सुरू करता येतात. त्यामुळे वापर खाली आणायला आठवडे लागतात आणि पुन्हा वर न्यायला महिने. शिखर मागणीच्या संध्याकाळी या लवचीकतेचा उपयोग नाही, पण कोरड्या हिवाळ्यात तीच नेमकी हवी असते.

करारापर्यंतचा रस्ता

दोन्ही पक्ष या टेबलावर मैत्रीने येऊन बसले होते, असे समजणे चुकीचे ठरेल. विजेचा आणि पारेषणाचा खर्च परवडत नाही असे सांगून रिओ टिंटोने जुलै २०२० मध्ये कारखाना बंद करण्याची घोषणा केली होती, आणि त्यासाठी ऑगस्ट २०२१ ही मुदत दिली होती. देशाची १३ टक्के मागणी एकदम नाहीशी होणार, या शक्यतेने साऱ्या वीजक्षेत्राचे नियोजन अडले. भाव पडतील या भीतीने नव्या केंद्रांचे निर्णय लांबणीवर पडले. जानेवारी २०२१ मध्ये मेरिडियनशी नवा करार होऊन कारखान्याला २०२४ अखेरपर्यंत मुदत मिळाली, पण अनिश्चितता संपली नाही, ती फक्त पुढे ढकलली गेली.

लवचीकतेची पहिली मोठी पायरी एप्रिल २०२३ मध्ये आली, तेव्हा मेरिडियन आणि कारखाना यांच्यात ५० मेगावॉटपर्यंतच्या कपातीचा स्वतंत्र करार झाला. आकडा लहान होता, पण त्याचे महत्त्व माझ्या मते पुढच्या १८५ मेगावॉटइतकेच आहे. कपातीची मागणी कोणी, कोणाला, किती दिवस आधी करायची, कोणते पॉट निवडायचे, कमी झालेला वापर कशाच्या तुलनेत मोजायचा, धातूच्या ग्राहकांना काय सांगायचे, हे सगळे प्रश्न छोट्या आकड्यावर सोडवता येतात. पहिल्याच फेरीत मोठी कपात मागणाऱ्या वीजकंपनीला मोठा ग्राहक नकार देतो, आणि तो नकार रास्त असतो, कारण आपल्या यंत्रांचे नेमके काय होईल हे त्यालाही अजून ठाऊक नसते.

मे २०२४ च्या करारात या अनुभवाच्या आधारावर लहान ते मोठे असे वेगवेगळे पर्याय ठेवले गेले आणि त्यांत सर्वांत मोठा १८५ मेगावॉटचा होता. ही लवचीकता वीस वर्षांच्या वीजपुरवठ्याच्या व्यवहाराबरोबरच ठरली, हे त्यातले सर्वांत ठळक वैशिष्ट्य आहे. कारखान्याला दीर्घकाळ परवडणाऱ्या दराची खात्री हवी होती. मेरिडियनला खात्रीचा ग्राहक हवा होता, पण कोरड्या वर्षी तोच ग्राहक ओझे होऊ नये, हेही हवे होते. दर आणि लवचीकता एकाच बैठकीत ठरल्यामुळे एकीकडची सवलत दुसरीकडच्या बांधिलकीशी जोडता आली. पुरवठ्याचा करार आधीच होऊन गेला असेल आणि मागाहून वीजकंपनी कपातीची योजना घेऊन दारात आली, तर ग्राहकाला त्यात फक्त नुकसानच दिसते.

२०२४ चा हिवाळा

त्या वर्षी तीन गोष्टी एकत्र आल्या. जलाशयांत येणारे पाणी दीर्घकाळ सरासरीहून कमी राहिले, नैसर्गिक वायूचे देशांतर्गत उत्पादन अपेक्षेहून वेगाने घटले, आणि वारा अनेक दिवस मंद राहिला. मेरिडियनने कपातीचा सर्वांत मोठा पर्याय वापरला, आणि जुलैच्या अखेरीस दोघांनी आणखी २० मेगावॉटची भर घालून एकूण कपात २०५ मेगावॉटवर नेण्याचे ठरवले. याचा अर्थ कारखान्याने आपला एक तृतीयांशाहून अधिक भार उतरवला.

या आकड्याचे वजन समजण्यासाठी पाण्याचा प्रवास पाहावा लागतो. तिवाईला लागणारी वीज प्रामुख्याने मानापौरी या भूमिगत केंद्रातून येते. मानापौरी आणि ते आनाउ या सरोवरांची पातळी फार वरखाली करायची नाही, असे कडक निर्बंध आहेत, कारण १९७० च्या सुमारास या सरोवरांसाठी झालेले जनआंदोलन त्या देशाच्या पर्यावरण-चळवळीचा पाया मानले जाते. त्यामुळे कारखान्याने वापर कमी केला, तरी मानापौरीचे पाणी फार काळ साठवून ठेवता येत नाही. ते केंद्र चालूच राहते आणि मोकळी झालेली वीज उत्तरेकडे पाठवली जाते. तिच्या बदल्यात वाइताकी खोऱ्यातली केंद्रे कमी चालवता येतात, आणि पुकाकी या देशातल्या सर्वांत मोठ्या साठवण-सरोवरात पाणी राहते. म्हणजे भार कमी झाला दक्षिण टोकाला आणि पाणी वाचले शेकडो किलोमीटर दूरच्या सरोवरात. हे घडायचे तर मधल्या पारेषण वाहिन्यांत तेवढी वीज वाहून नेण्याची ताकद हवी. कारखाना बंद पडण्याच्या शक्यतेमुळे दक्षिणेकडच्या वाहिन्या बळकट करण्याचे काम ट्रान्सपॉवरने हाती घेतले होते, आणि त्याचा लाभ कारखाना चालू राहूनही झाला. ग्राहकाचे मेगावॉट मोजताना तो जाळ्यावर नेमका कोठे बसला आहे हे आधी पाहावे, ही बाब अनेक योजनांत मागे पडते.

१८५ मेगावॉट म्हणजे दिवसाला सुमारे ४.४ गिगावॉट-तास. ही कपात सहा महिने टिकली, तर जवळपास ८०० गिगावॉट-तास होतात. याच कोरड्या वर्षांसाठी न्यूझीलंड सरकारने ऑन्स्लो सरोवरावर उदंचन प्रकल्पाचा, म्हणजे पंपाने पाणी उंचावर चढवून साठवायचे आणि गरजेच्या वेळी त्यावर वीज बनवायची अशा प्रकल्पाचा, विचार केला होता. त्याची साठवण सुमारे ५,००० गिगावॉट-तास कल्पिली होती आणि खर्चाचा अंदाज १५.७ अब्ज न्यूझीलंड डॉलरवर गेला होता. २०२३ च्या अखेरीस नव्या सरकारने तो गुंडाळला. एका कारखान्याची कपात त्या प्रकल्पाची जागा घेऊ शकत नाही. पण त्याच्या साठवणीच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतकी वीज धरण किंवा बोगदा न बांधता, एका कराराच्या जोरावर उपलब्ध होते, ही गोष्ट कोणत्याही नियोजनकाराने गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

तरीही ऑगस्टमध्ये घाऊक बाजारातले दर भडकलेच. काही दिवशी सरासरी दर मेगावॉट-तासाला ८०० न्यूझीलंड डॉलरच्या वर गेला. मिथेनॉल बनवणाऱ्या मेथानेक्सने आपला कारखाना थांबवून वायू वीजनिर्मितीसाठी कॉन्टॅक्ट आणि जेनेसिस या वीजकंपन्यांना देण्याचे ठरवले. रुआपेहू भागातल्या विन्स्टोन पल्प या कंपनीने विजेच्या खर्चाचे कारण देऊन लगदा गिरणी आणि लाकूडगिरणी कायमची बंद केली आणि सुमारे २३० जणांचा रोजगार गेला. तिवाई आणि विन्स्टोन यांतला फरक मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. दोन्ही कारखान्यांनी त्या हिवाळ्यात वीजवापर कमी केला. एकाने आधी ठरलेल्या अटींवर, मोबदला घेऊन, परत सुरू होण्याच्या योजनेसह केला. दुसऱ्याला बाजारभावाने ते करायला भाग पाडले आणि परतीचा रस्ता उरला नाही. जाळ्याच्या दृष्टीने दोन्हीकडचे वाचलेले मेगावॉट सारखेच होते. मध्यम आकाराच्या उद्योगांसाठीही अशी करारबद्ध लवचीकता उभी करणे हे वीजकंपन्यांचे आणि नियामकाचे काम आहे, आणि ते झाले नाही तर पुढच्या कोरड्या वर्षी पुन्हा कोणाच्या तरी नोकऱ्यांनी त्याची भरपाई होईल.

परतीची वाट आणि वेळेचा प्रश्न

ऑगस्टच्या उत्तरार्धापासून पाऊस आला, सरोवरे सावरू लागली आणि दर झपाट्याने खाली आले. कारखान्याने सप्टेंबरमध्ये पॉट पुन्हा सुरू करण्यास आरंभ केला, पण ते काम २०२५ पर्यंत चालले. या मधल्या काळात पाणी होते, वीज स्वस्त होती आणि ती घेणारा ग्राहक तयार नव्हता. मंद गतीच्या लवचीकतेचा हा अटळ दोष आहे. खाली येण्याचा वेळ आणि वर जाण्याचा वेळ वेगवेगळा असतो, आणि मोबदला ठरवताना केवळ कपातीचे महिने मोजले, तर ग्राहकाचा खरा तोटा हिशोबाबाहेर राहतो. परतीच्या महिन्यांतले बुडालेले उत्पादन, नवे अस्तर, कामगारांचे जादा तास हे सगळे दरात उतरले पाहिजे, नाहीतर ग्राहक पहिल्यांदा कपातीची हाक ऐकेल आणि दुसऱ्यांदा सबबी सांगेल.

त्यामुळे सर्वांत अवघड निर्णय हाक केव्हा द्यायची, हा ठरतो. कपात पूर्ण उतरायला आठवडे लागत असतील, तर दर भडकल्यावर दिलेली हाक उशिराची असते. ती शरद ऋतूतच, सरोवरांची पातळी अजून फारशी चिंताजनक नसताना द्यावी लागते, आणि नंतर भरपूर पाऊस पडला तर तो सारा खर्च वाया गेल्यासारखा दिसतो. असे घडणार हे वीजकंपनीच्या संचालकांनी आणि भागधारकांनी आधीच मान्य केलेले असले पाहिजे. विमा उतरवला आणि आग लागली नाही म्हणून कोणी हप्ता वाया गेला म्हणत नाही, तसाच हा खर्च पाहावा लागेल. येथे आणखी एक गाठ आहे. हाक देण्याचा अधिकार एका निर्मिती कंपनीच्या हाती आहे, तर कपातीचा परिणाम संपूर्ण बाजारावर होतो. मेरिडियन आपल्या साठ्याचा आणि आपल्या जोखमीचा विचार करून ठरवते, ग्राहकांच्या एकूण हिताचा विचार करण्याची जबाबदारी तिच्यावर नाही. माझ्या मते अशा मोठ्या पर्यायांच्या वापराचे निकष, निदान ढोबळमानाने, नियामकासमोर आधी मांडलेले असावेत, म्हणजे इतर ग्राहकांनाही आपले नियोजन करता येईल.

दुसऱ्या ग्राहकाकडे हेच माप लावता येत नाही

त्याच देशातले ग्लेनब्रुकचे पोलाद केंद्र याची साक्ष देते. तेथे कोळशावरच्या प्रक्रियेचा मोठा भाग विद्युत चाप भट्टीने (विजेच्या प्रखर ठिणगीने धातू वितळवणाऱ्या भट्टीने) बदलण्यासाठी सरकारने २०२३ मध्ये १४ कोटी न्यूझीलंड डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली, आणि कॉन्टॅक्टशी झालेल्या पुरवठ्याच्या समझोत्यात मागणी शिखरावर असताना भट्टी थांबवण्याची सोय ठेवली गेली. चाप भट्टी एका वेळचा घाणा वितळवते, रिकामी होते आणि दुसरा घाणा घेते. दोन घाण्यांच्या मधला काळ लांबवणे तिला सहज जमते, पण सहा महिने बंद राहणे हे तिच्या मालकासाठी दिवाळखोरीसारखे आहे. म्हणजे तिवाईच्या नेमके उलटे. डेटा केंद्रांचा तिसरा प्रकार आहे. तेथे तातडीने उत्तर द्यायला हवी अशी कामे क्षणभरही थांबत नाहीत, पण यंत्रशिक्षणाच्या मोठ्या प्रशिक्षण-फेऱ्या काही तास पुढे ढकलता येतात किंवा दुसऱ्या प्रदेशातल्या केंद्राकडे वळवता येतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगलने इंडियाना मिशिगन पॉवर आणि टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या अमेरिकन वीजसंस्थांशी अशा कामांच्या लवचीकतेचे करार जाहीर केले.

म्हणून वीजकंपनीने मोठ्या ग्राहकाकडे जाताना दरपत्रकाआधी प्रक्रिया समजून घेणारा अभियंता पाठवावा. वापर खाली आणायला किती वेळ लागतो, खाली किती काळ राहता येते, वर यायला किती वेळ लागतो, आणि दोन कपातींच्या मध्ये किती विश्रांती हवी, या चार उत्तरांवर पुढचा सगळा करार उभा राहतो. तिवाईबाबत ही उत्तरे २०२३ च्या छोट्या करारामुळे दोघांच्याही हातात होती.

मार्च २०२५ मध्ये, पहिल्या कपातीतले पॉट अजून पूर्ण सावरत असतानाच, सरोवरांत येणारे पाणी पुन्हा कमी झाले आणि मेरिडियनने कारखान्याकडे ५० मेगावॉटची मागणी केली. या वेळी ती हिवाळ्याच्या तोंडावर नव्हे, हिवाळा दोन-तीन महिने दूर असताना केली गेली. पर्यायही सर्वांत मोठा निवडला गेला नाही, आणि कारखान्याने तो स्वीकारला.